भिंगारची सभा, परळची शाळा आणि न्यायमूर्ती चंदावरकर

स्मरणिकेत संस्थेचा इतिहास लिहायचा म्हटलं की लेखणी आपोआप उद्घाटनाच्या तारखेपाशी जाते. डिप्रेस्ड क्लासेस मिशन, म्हणजे भारतीय निराश्रित साहाय्यकारी मंडळ, या संस्थेचीही अशी तारीख ठरलेली आहे: १८ ऑक्टोबर १९०६. त्या दिवशी मुंबईत परळला मुरारजी वालजी यांच्या बंगल्यात अस्पृश्य मानलेल्या मुलामुलींसाठी पहिली शाळा उघडली. उद्घाटन केलं मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती नारायण गणेश चंदावरकर यांनी. संस्थेचे अध्यक्षही तेच झाले. उपाध्यक्ष शेठ दामोदरदास सुखडवाला आणि सरचिटणीस विठ्ठल रामजी शिंदे.

नगर जिल्ह्यातल्या माणसाने हा इतिहास लिहायला घेतला, तर मात्र त्याला परळहून उठून वर्षभर मागे, भिंगारला यावं लागतं.

१९०५ साली विठ्ठल रामजी शिंदे प्रार्थना समाजाचे प्रचारक म्हणून नगरला आले होते. ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात दोन वर्षं तुलनात्मक धर्माचा अभ्यास करून ते १९०३ मध्ये परतले होते आणि गावोगाव व्याख्यानं, उपासना, कीर्तनं करत फिरत होते. नगरच्या कॅम्पाला लागून असलेल्या भिंगारमधल्या अस्पृश्य मंडळींनी त्यांना आपल्या सभेला बोलावलं. सभा रात्रीची होती. दिवसभर राबणाऱ्या माणसांना सभेसाठी दुसरी वेळ तरी कुठली मिळणार? त्या सभेत शिंद्यांनी जे ऐकलं त्यातून मिशन काढायचा निश्चय झाला, असं त्यांनीच पुढे आपल्या आठवणींत नोंदवलं आहे. संस्थेची प्रेरणा शिंद्यांची, हे सगळेच सांगतात. मला त्याआधीची पायरी महत्त्वाची वाटते. सभा भरवली भिंगारच्या लोकांनी, आमंत्रण दिलं त्यांनी, आपलं गाऱ्हाणं मांडलं त्यांनी. त्यांची नावं उद्घाटनाच्या इतिवृत्तात नाहीत, पण संस्थेच्या इतिहासाचं पहिलं पान त्यांचं आहे.

अशी मागणी नगरच्या वेशीवर ऐकू यावी, यालाही कारणं होती. अमेरिकन मराठी मिशनचं काम नगरात १८३१ पासून चालू होतं. मिस सिंथिया फरार यांच्या इथल्या मुलींच्या शाळा पाहून जोतिराव फुल्यांनी पुण्यात मुलींची शाळा काढायचं मनावर घेतलं, आणि सावित्रीबाईंनी शिक्षिकेचं शिक्षण घेतलं तेही फरारबाईंकडेच. त्यामुळे शाळा काढली म्हणजे काय होतं, हे नगर जिल्ह्याच्या महारवाड्यांनी आणि मांगवाड्यांनी दोन पिढ्या जवळून पाहिलं होतं. अनेक कुटुंबं ख्रिस्ती झाली होती, त्यांची मुलं मास्तर आणि पाद्री झाली होती. शिवाय भिंगार छावणीलगतचं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सरकारने महारांची पलटणीतली भरती बंद केली. पेन्शनीतल्या सुभेदार-हवालदारांना लिहितावाचता येत होतं, शिस्त ठाऊक होती, आणि आपल्या मुलांसाठी दार बंद झालंय हेही कळत होतं. आपल्या लोकांसाठी कुणी काय करतं, याचा हिशेब मांडणारी ही माणसं होती. हिंदू समाजातले सुधारक भाषणं करतात आणि शाळा मात्र परदेशी मिशनरी काढतात, हे त्यांना दिसत नसेल असं समजणं भोळेपणाचं ठरेल.

नगरला पाहावं आणि पुण्या-मुंबईत उभारावं, हे आपल्या शहराच्या बाबतीत अशा रीतीने दोनदा घडलं. एकदा फुल्यांच्या हातून, एकदा शिंद्यांच्या. नगरकरांनी याचा अभिमान जरूर बाळगावा. ती कामं इथेच का उभी राहिली नाहीत, हा प्रश्नही त्याच बैठकीत स्वतःला विचारून घ्यावा.

निश्चय झाला, पण निश्चयाने संस्था उभी राहत नाही. जागा लागते, पैसा लागतो, आणि परक्या माणसाने डोळे मिटून वर्गणी द्यावी असं एखादं नाव लागतं. सुखडवाला शेठजींनी सुरुवातीलाच एक हजार रुपये दिले. नाव चंदावरकरांचं मिळालं.

आज या नावाचं वजन सांगून समजणं अवघड आहे, म्हणून थोडं विस्ताराने सांगतो. चंदावरकरांचा जन्म २ डिसेंबर १८५५ चा, उत्तर कानड्यातल्या होन्नावरचा. जातीने सारस्वत. शिक्षण मुंबईला एल्फिन्स्टनमध्ये. १८७८ ते १८८९ अशी अकरा वर्षं त्यांनी ‘इंदुप्रकाश’ या वृत्तपत्राची इंग्रजी बाजू सांभाळली आणि १८८१ मध्ये कायद्याची पदवी घेतली. १८८५ मध्ये हिंदुस्थानची बाजू इंग्लंडच्या मतदारांपुढे मांडायला तिघांचं शिष्टमंडळ गेलं, त्यात बंगालचे मनमोहन घोष, मद्रासचे रामस्वामी मुदलियार आणि मुंबईचे चंदावरकर होते. १९०० च्या डिसेंबरात लाहोर काँग्रेसचं अध्यक्षपद त्यांच्याकडे आलं. त्यानंतर काही दिवसांतच, १६ जानेवारी १९०१ रोजी, न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे गेले. हायकोर्टात रानड्यांची खुर्ची चंदावरकरांकडे आली, प्रार्थना समाजाचं अध्यक्षपद आलं आणि सामाजिक परिषदेची धुराही. एका माणसाच्या मागे राहिलेलं एवढं सगळं दुसऱ्या एकाच माणसाने उचलल्याची उदाहरणं थोडी.

न्यायाधीशांनी समाजकार्य करायचं ही परंपरा आपल्याकडे रानड्यांनी घालून दिली, असं म्हणतात. ते खरं आहे, पण त्यात सरकारी नियमांचाही हात होता. सरकारी न्यायाधीशाला राजकारणाची बंदी होती; सामाजिक सुधारणेला नव्हती. म्हणून काँग्रेसच्या मांडवाशेजारी सामाजिक परिषदेचा वेगळा मांडव पडायचा आणि रानड्यांसारखा माणूस तिथे मोकळेपणाने बोलायचा. लालशंकर उमियाशंकर त्रवाडी यांनी पंढरपुरात न्यायखात्यात असतानाच १८७५ मध्ये टाकलेल्या अर्भकांसाठी घर सुरू केलं, तेही याच रीतीने. ज्या कोर्टात बालहत्येचे खटले चालत त्याच कोर्टातल्या माणसाने ते मूल जगावं म्हणून सोय करावी, यात मला कायद्याची फार मोठी समज दिसते. चंदावरकर या परंपरेतले तिसरे. काँग्रेसच्या अध्यक्षपदावरून ते थेट कोर्टात गेले आणि पुढची बारा वर्षं राजकारणावर एक शब्द बोलले नाहीत. त्या बारा वर्षांतच परळची शाळा झाली.

अध्यक्ष नेमकं काय करत असे? मिशनचा रोजचा भार शिंदे आणि त्यांच्या घरच्यांनी वाहिला, यात वाद नाही. शिंद्यांची बहीण जनाबाई शिकवत होत्या, वस्तीत बायकांच्यात फिरत होत्या. १९०७ मध्ये निघालेलं निराश्रित सेवासदन त्यांच्याच जोरावर चाललं. सय्यद अब्दुल कादर आणि वामनराव सोहोनी हे सहकारी मिळाले. यांपैकी कुणाच्याही वाट्याला आराम आला नाही. अध्यक्षांचं काम दुसऱ्या प्रकारचं होतं. हायकोर्टाचा न्यायाधीश अध्यक्ष आहे म्हटल्यावर गिरणीमालक जागेचं बोलणं ऐकून घेत, शिक्षणखातं ग्रँटचा अर्ज बाजूला टाकत नसे, संस्थानिकांच्या दरबारात सरचिटणिसांना भेटीची वेळ मिळे. संस्थेचे हिशेब तपासले जातात, अहवाल छापला जातो, कुणाची वर्गणी कुणाच्या खिशात जात नाही, हा भरवसा त्या एका नावाने मिळत होता. ज्यांनी खेड्यात एखादी पतपेढी किंवा वाचनालय चालवलं असेल त्यांना हे काम किती मोलाचं असतं हे सांगायला नको.

संस्थेची उद्दिष्टं कागदावर मोजकी होती: शिक्षण द्यायचं, कामधंदा मिळवून द्यायचा, सामाजिक अडचणी दूर करायच्या, आणि उदार धर्म, शील व नागरिकपण यांचे संस्कार करायचे. अक्षरओळखीबरोबर हातातलं काम शिकवण्यावर भर होता. १९०८ मध्ये पुण्याची शाखा निघाली. पुढे मनमाड, दापोली, अकोला, अमरावती, हुबळी अशी केंद्रं होत गेली. मंगळूरला कुदमुल रंगराव यांनी १८९७ पासूनच असं काम एकट्याने चालवलं होतं, तेही या कामाशी जोडलं गेलं. कानड्यातून मुंबईला आलेल्या चंदावरकरांना त्या नावाचं विशेष अप्रूप वाटलं असेल तर नवल नाही.

चंदावरकरांचं सार्वजनिक काम एवढ्यावर थांबत नव्हतं. १९०९ ते १९१२ ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. १९१० मध्ये ‘सर’ झाले. ना. म. जोशी यांनी १९११ मध्ये सोशल सर्व्हिस लीग काढली, तिचंही अध्यक्षपद त्यांच्याकडेच आलं. १९१२ मध्ये जातिभेद मोडू पाहणाऱ्या आर्यन ब्रदरहुडची परिषद मुंबईत त्यांच्या अध्यक्षतेखाली झाली. परिषदेला जोडून वेगवेगळ्या जातींचं सहभोजन झालं आणि मुंबईभर गहजब उडाला. जेवायला बसलेल्या काहींना त्यांच्या जातींनी धारेवर धरलं. हायकोर्टाचे न्यायमूर्ती अध्यक्ष असून जातपंचायतीपुढे त्या माणसांना काही संरक्षण नव्हतं. अध्यक्षाच्या नावाने वर्गणी येते, पण पंगतीला बसलेल्या कारकुनाच्या मुलीचं लग्न मोडलं तर ते नाव कामी येत नाही, हा धडा त्या काळच्या सगळ्याच सुधारकांना मिळाला.

गौरवाच्या लेखात जे सहसा वगळलं जातं तेही इथे लिहिलं पाहिजे. क्रांतिकारकांवरच्या नाशिक खटल्यासाठी १९१० मध्ये तीन न्यायाधीशांचं खास न्यायासन नेमलं गेलं. मुख्य न्यायमूर्ती बेसिल स्कॉट, न्या. हीटन आणि न्या. चंदावरकर. डिसेंबर १९१० मध्ये विनायक दामोदर सावरकरांना जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली ती याच न्यायासनापुढे. काँग्रेसच्या माजी अध्यक्षाने त्या खुर्चीत बसून सही केली, हे त्या पिढीतल्या कित्येकांनी कधी विसरलं नाही. परळच्या शाळेची बाजू मांडताना हे लपवण्याची गरज नाही आणि हे सांगताना परळची शाळा पुसण्याचीही नाही. दोन्ही एकाच माणसाच्या आयुष्यातल्या गोष्टी आहेत, आणि दोन्हींच्या मागे कायद्याच्या राज्यावरचा त्याचा अढळ, काहींच्या मते आंधळा, विश्वास आहे.

न्यायासनावरून उतरल्यावर ते काही काळ इंदूरला होळकर दरबाराचे दिवाण होते. वयाची साठी जवळ आली होती. माथेरानला बंगला बांधून पुस्तकं वाचायला हरकत नव्हती. हा गृहस्थ मुंबईला परतला आणि पुन्हा सभांच्या खुर्चीवर बसू लागला. १९१७ च्या नोव्हेंबरात, ११ तारखेला, मुंबईत अस्पृश्य वर्गांची एक मोठी सभा त्यांच्या अध्यक्षतेखाली झाली. राजकीय सुधारणांच्या काँग्रेस-लीग योजनेला पाठिंबा द्यायचा, आणि त्याच्या बदल्यात काँग्रेसने अस्पृश्यांवरच्या जाचक बंधनांविरुद्ध जाहीर ठराव करावा, अशी मागणी तिथे झाली. त्याच वर्षी डिसेंबरात कलकत्त्याला ॲनी बेझंट यांच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसने तसा ठराव केला. काँग्रेसच्या इतिहासातला तो पहिला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पुढे या सगळ्या व्यवहाराची चिरफाड केली. पाठिंबा मिळवण्यासाठी केलेला तो सौदा होता, असा त्यांचा रोख होता, आणि सभांचा क्रम पाहिला तर तो रोख खोडून काढणं सोपं नाही. तरीही बत्तीस वर्षं ज्या व्यासपीठावर हा विषय येऊ दिला गेला नव्हता त्या व्यासपीठावर तो आला. चंदावरकरांनी तो आणण्यात आपलं वजन खर्च केलं एवढं त्यांच्या पदरात टाकावं लागेल. नोव्हेंबरच्या त्या सभेनंतर चारच महिन्यांनी, २३ आणि २४ मार्च १९१८ रोजी, मिशनने मुंबईत भरवलेल्या अखिल भारतीय परिषदेला सयाजीराव महाराज गायकवाड अध्यक्ष म्हणून आले. लोकमान्य टिळकही आले, जोरदार बोलले, पण अस्पृश्यता वैयक्तिक आचरणात न पाळण्याच्या जाहीरनाम्यावर त्यांनी सही केली नाही. ती गोष्ट महाराष्ट्राला चांगलीच ठाऊक आहे.

इंदूरचा धागा इथे जोडून घेतो, कारण तो आपल्या जिल्ह्यात येऊन पोचतो. पुण्याच्या शाखेला स्वतःची मोठी वास्तू हवी होती. इंदूरचे तुकोजीराव महाराज होळकर यांनी त्यासाठी वीस हजार रुपये दिले आणि पुण्यात नाना पेठेत जी वास्तू उभी राहिली तिला अहिल्याश्रम हे नाव मिळालं. अहिल्याबाई होळकर जामखेड तालुक्यातल्या चौंडीच्या. २०२४ मध्ये आपल्या जिल्ह्याला त्यांचं नाव मिळालं, त्याच्या शंभरएक वर्षं आधी अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या शिक्षणाच्या घराला ते लागलं होतं. घाट आणि देवळं बांधणाऱ्या अहिल्याबाई सगळ्यांना माहीत आहेत. हा अहिल्याश्रम मात्र जिल्ह्यातल्या शाळांच्या सहलीच्या यादीत कधी नसतो. पुण्याला शनिवारवाडा बघून परतणाऱ्या बसगाड्या नाना पेठेतून न्यायला फार मोठा वळसा पडत नाही.

एकीकडे संस्था पसरत होती, तर दुसरीकडे पायाखालची जमीन सरकत होती. १९१९ च्या जानेवारीत मताधिकाराचा विचार करणाऱ्या साउथबरो समितीपुढे शिंद्यांनी साक्ष दिली आणि तरुण आंबेडकरांनीही दिली. प्रश्न होता अस्पृश्यांचे प्रतिनिधी कुणी निवडायचे. २७ जानेवारीला दिलेल्या साक्षीत आंबेडकरांनी ते अस्पृश्य मतदारांनीच निवडले पाहिजेत असा आग्रह धरला. मे १९२० मध्ये नागपूरला शाहू महाराजांच्या अध्यक्षतेखाली बहिष्कृतांची परिषद झाली, तिथे हे प्रतिनिधी इतरांनी निवडावेत या मिशनच्या भूमिकेविरुद्ध उघड ठराव झाला. शिंद्यांना हे फार लागलं. ज्यांच्यासाठी घरदार पणाला लावलं त्यांनीच आपल्याला परकं म्हणावं, हे दुःख खोटं नव्हतं.

पण अहवाल काढून बघितला तर दुसरी बाजूही दिसते. अध्यक्ष सारस्वत न्यायमूर्ती, उपाध्यक्ष गुजराती शेठ, सरचिटणीस मराठा. ज्या समाजासाठी संस्था, त्या समाजातल्या माणसाला निर्णयाच्या खुर्चीत जागा मिळायला वर्षानुवर्षं लागली. चंदावरकरांच्या सचोटीबद्दल शंका घ्यायचं कारण नाही. वकिलाने अशिलाची बाजू मांडावी तशी त्यांनी या समाजाची बाजू आयुष्यभर मांडली. अशील स्वतः उभं राहून बोलू लागल्यावर काय करायचं, याचा विचार त्या पिढीने केलाच नव्हता. भिंगारला ज्यांनी आमंत्रण देऊन सभा भरवली होती ती माणसं तर १९०५ मध्येच स्वतः बोलत होती.

निवृत्तीनंतरच्या राजकारणात चंदावरकर मवाळांच्या बाजूला राहिले. १९२० मध्ये जालियनवाला बागेच्या प्रकरणात हंटर समितीने सरकारला पाठीशी घातलं, तेव्हा मुंबईत निषेधाची सभा झाली आणि तिचं अध्यक्षपद या माजी न्यायमूर्तींनी घेतलं. दहा वर्षांपूर्वी खास न्यायासनावर बसलेला हाच माणूस. मात्र गांधीजींच्या असहकाराला त्यांनी स्पष्ट विरोध केला. १९२१ मध्ये नव्या सुधारणांनुसार मुंबई कायदेमंडळ बसलं तेव्हा त्याचे पहिले अध्यक्ष चंदावरकर झाले. सभागृह चालवायचं म्हणजे कोर्ट चालवण्यासारखंच. फरक इतका की इथे वकील संख्येने फार आणि निकाल मतांनी. ते काम करत असतानाच १४ मे १९२३ रोजी बंगळूरला त्यांचं निधन झालं.

१९२३ हे साल मिशनच्या दृष्टीनेही सांध्याचं ठरलं. शिंद्यांनी त्याच वर्षी मिशनच्या कारभारातून अंग काढून घेतलं आणि पुढच्या वर्षी ते ब्राह्म समाजाच्या कामासाठी मंगळूरला गेले. संस्था बंद पडली नाही. शाळा आणि वसतिगृहं चालू राहिली, अहिल्याश्रम राहिला. पण सतरा वर्षांपूर्वी परळच्या बंगल्यात जमलेल्यांपैकी अध्यक्ष आणि सरचिटणीस हे दोन्ही खांब एकाच वर्षी नाहीसे झाले.

चंदावरकरांच्या मृत्यूनंतर तीन महिनेही झाले नव्हते, तेव्हा, ४ ऑगस्ट १९२३ रोजी, ते ज्या कायदेमंडळाचे अध्यक्ष होते तिथे सीताराम केशव बोले यांनी ठराव मांडला. सरकारी खर्चाने किंवा सार्वजनिक पैशाने चालणारे पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, कोर्टं आणि दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असा तो ठराव मंजूर झाला. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये त्यानुसार चवदार तळं खुलं केल्याचं कागदावर नोंदवलं. तळ्यावर प्रत्यक्ष पाणी प्यायला मार्च १९२७ उजाडावा लागला, आणि त्या वेळी सभेच्या अध्यक्षपदी डॉ. आंबेडकर होते.